ड्रेसिना की कॉर्डिलाईन? पाणी घालणारा हात सैल असेल तर

ड्रेसिना आणि कॉर्डिलाईन ही शोभेच्या पानांची दोन्ही झाडं मी काही वर्षं शेजारी-शेजारी कुंड्यांत वाढवली आहेत. घेताना पहिली अडचण ओळखीची येते. लाल-गुलाबी पानांची कॉर्डिलाईन रोपवाटिकेत सर्रास 'रंगीत ड्रेसिना' म्हणून मिळते. हा घोळ जुनाच आहे. आजच्या कॉर्डिलाईन फ्रूटिकोसाला वनस्पतिशास्त्रातही एकेकाळी ड्रेसिना टर्मिनॅलिस म्हणत.

ओळखायचं तर रंग सोडा, पानाचा देठ बघा. कॉर्डिलाईनच्या पानाला पन्हळीसारखा खोलगट, वेगळा दिसणारा देठ असतो. घरात ठेवतो त्या बहुतेक ड्रेसिनांचं पान देठाशिवाय थेट खोडाला बिलगतं. तरी शंका उरली तर कुंडी आडवी करून मुळं पाहा. कॉर्डिलाईनची मुळं पांढरी, ड्रेसिनाची पिवळी-नारिंगी, ओल्या हळकुंडासारखी. एकदा पाहिलीत की पुन्हा चूक होत नाही.

उजेडाच्या बाबतीत ड्रेसिना सरस आहे, हे मान्य करायला हवं. खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यातही ती तग धरते. कॉर्डिलाईनला तिथे ठेवलं तर नवी पानं मळकट हिरवी येतात आणि जिच्यासाठी झाड घेतलं ती लाली जाते. हवा शुद्ध होते म्हणून ड्रेसिना घेणारेही बरेच असतात. नासाच्या 1989च्या अहवालात तिचं नाव आहे खरं, पण ते प्रयोग बंद पेट्यांतले होते. दारं-खिडक्या उघड्या असलेल्या घरात त्या कारणासाठी झाड निवडू नये, असं मला वाटतं.

माझा निर्णय फिरला तो मात्र एकाच गोष्टीने. ड्रेसिना आजारी पडली तर सांगत नाही. माझी चांगली छातीएवढी उंच होती, शेंडा हिरवागार. मी दर दोन-तीन दिवसांनी पाणी घालत होतो आणि ती काही तक्रार करत नव्हती. एके दिवशी कुंडी फिरवताना खोडाला अंगठा लागला आणि साल बोटाखाली सरकली. आत ओला भुसा, आंबूस वास. खालचं वीतभर खोड केव्हाच कुजलं होतं. वरची पानं खोडात साठलेल्या पाण्यावर जगत राहिली असणार. शेंडा कापून लावला, तोही धरला नाही. पाणी कमी घालायला हवं होतं हे खरंच, पण कमी म्हणजे किती, ते या झाडाने मला वेळेत कधी कळू दिलं नाही. आता कोणाची ड्रेसिना दिसली की आधी खोड दाबून बघतो.

कॉर्डिलाईनला ओल आवडते. माती सतत दमट राहिली तरी निचरा ठीक असेल तर ती कुरकुरत नाही. तहान लागली की पानं लोंबतात, उजेड कमी पडला की रंग उतरतो. प्रत्येक चुकीची खूण आठवड्या-दोन आठवड्यांत पानावर दिसते आणि ती चूक सुधारता येते. माझ्यासारख्या सैल हाताच्या माणसाला हे फार सोयीचं.

तिचा त्रास नाही असं नाही. कोरड्या हवेत लाल कोळी, म्हणजे पानांतला रस शोषणारी ठिपक्याएवढी कीड, हमखास येतो. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकायचं. कागदावरचे ठिपके चालू लागले, तर पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवायची, आणि दर तीन-चार दिवसांनी पुन्हा. पानांची टोकं करपणं हे दोघींचंही दुखणं आहे, कारण दोघींनाही पाण्यातलं फ्लोराइड सोसत नाही. पाणी रात्रभर उघडं ठेवलं तर क्लोरीन उडतं, फ्लोराइड नाही. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तम, आणि सुपर फॉस्फेट हे खत या दोन्ही कुंड्यांत घालू नका, त्यातही फ्लोराइड असतं. घरात मांजर किंवा कुत्रा पानं चावत असेल तर दोन्ही झाडं त्याच्या तोंडापासून लांबच ठेवा.

तेव्हा कोपरा अंधारा असेल आणि कुंडीकडे पंधरा-पंधरा दिवस बघणं होत नसेल, तर ड्रेसिना घ्या, ती चांगली जगेल. खिडकीजवळ जागा असेल आणि रोज झारी हातात घेतल्याशिवाय चैन पडत नसेल, तर माझा कौल कॉर्डिलाईनला. पॉलिनेशियातल्या दर्यावर्दी लोकांनी ती होड्यांतून बेटाबेटांवर नेली. खोडाचा तुकडाही पुरतो म्हणूनच ते जमलं असावं. मीही बोटभर लांबीचे दोन तुकडे दमट कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) आडवे, अर्धे पुरून ठेवले होते. त्यातल्या एकाचे डोळे फुटायला दीड महिना लागला. कोंब पहिल्या दिवसापासून लाल होता, आणि आता तो ड्रेसिनाच्या रिकाम्या कुंडीत, नव्या मातीत उभा आहे.