ब्रेक थरथरतोय: डिस्क लेथवर घासून घ्यायची की नवी टाकायची?

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला पोचता पोचता पेडल पायाखाली धडधडायला लागलं, स्टिअरिंगही हलू लागलं. मेकॅनिक म्हणाला, "डिस्क वाकली." डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी धातूची तबकडी; ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंचे पॅड तिला घट्ट धरतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते. तिची जाडी गोलाभर सारखी राहिलेली नसते. मिलिमीटरच्या काही शतांश भागाचा फरकही पायाला कळतो.

लेथवर, म्हणजे फिरवून धातू कापणाऱ्या यंत्रावर, घासणं स्वस्त पडतं, आणि डिस्क जाड असेल तर काम चोख होतं. पण आधी मायक्रोमीटरने जाडी मोजून घ्या. किमान जाडीचा आकडा बहुधा डिस्कवरच कोरलेला असतो. घासल्यावर जाडी त्याखाली जाणार असेल तर विषय संपला, नवीच टाका. पातळ डिस्क लवकर तापते आणि थरथर परत येते.

नवी डिस्क महाग, शिवाय जोडीने बदलावी लागते, सोबत पॅडही नवे. छोट्या गाड्यांच्या साध्या डिस्कला मी तरी हाच खर्च करेन.

मात्र दोन्हींत एक काम हमखास राहून जातं. हबवरचा (डिस्क जिथे बसते त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने साफ केला नाही, तर नवी डिस्कही किंचित तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरमध्ये पुन्हा तेच. चाकाचे नट एअर गनने वेडेवाकडे आवळू देऊ नका. समोरासमोरचे नट आळीपाळीने, टॉर्क रेंचने (ठरावीक जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने) आवळायला लावा. घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर उतरा. गाडी थांबवल्यावर तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून ठेवू नका.