आयर्न ८८३ : पुण्यातले चौदा महिने आणि इंची पाने

मागच्या वर्षी मे महिन्यात मी २०१४ सालची हार्ले-डेव्हिडसन आयर्न ८८३ सेकंडहँड घेतली. तेव्हा मीटरवर १९ हजार होते, आज ३० हजार उलटून गेलेत. ही गाडी चालवायला कशी आहे यावर वाचायला भरपूर मिळतं. ती पुण्यात सांभाळायला काय लागतं हे मात्र घेण्याआधी मला कुणी धड सांगितलं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

पहिली भीती पार्ट्सची. सप्टेंबर २०२०मध्ये कंपनीनं भारतातून काढता पाय घेत असल्याचं जाहीर केलं आणि पुढच्याच महिन्यात हिरो मोटोकॉर्पशी करार केला. त्यानंतर स्पोर्ट्स्टरवाल्यांचं (आयर्न ८८३ याच मालिकेतली) कसं होणार, असं जो तो विचारायचा. माझं तरी आजवर काही अडलं नाही. ऑइल फिल्टर, प्लग, ब्रेक पॅड मागितले की मिळाले. क्लच केबलला नऊ दिवस लागले, तेवढंच. याचं कारण इंजिनातच आहे. हे इव्होल्यूशन स्पोर्ट्स्टर इंजिन १९८६पासूनचं. २००४मध्ये ते रबर माउंटवर बसवलं, २००७पासून फ्युएल इंजेक्शन आलं, पण मूळ बांधणी तीच राहिली. जगभर इतक्या गाड्या आहेत की पार्ट कुठे ना कुठे असतोच.

खरी अडचण पान्यांची. या गाडीचे बरेच नटबोल्ट इंची मापाचे, आणि आपल्याकडच्या गॅरेजमध्ये सगळी पेटी मिलिमीटरची. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसतो, म्हणून मेकॅनिक बिनधास्त लावतो. एकदा चालतं, दोनदा चालतं, तिसऱ्यांदा बोल्टचे कोपरे गोल होतात. अ‍ॅलन कीचं त्याहून वाईट. ३/१६ इंच म्हणजे पावणेपाच मिलिमीटरच्या जरा वर, तिथे पाचची की जात नाही, मग कुणीतरी ती हातोडीनं ठोकून बसवतं.

आमच्या सोसायटीत टूलरूममधून रिटायर झालेले एक काका आहेत. पहिल्या आठवड्यातच ते माझ्याशेजारी उकिडवे बसले, एका बोल्टवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, “अरे, हा बघ, याचे कोपरे मेलेत. पाना बसला म्हणजे मापाचा असतो असं नाही.” दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःचा इंची सेट आणून दिला, टॉर्क रेंचसकट, म्हणजे बोल्ट किती जोरानं आवळला जातोय ते दाखवणारा पाना. प्लग बदलताना १२ ते १८ फूट-पाउंड म्हणजे हाताला किती लागतं हे मी त्यांच्याकडून शिकलो. पुढे नाना पेठेत तीन दुकानं पालथी घालून माझा स्वतःचा सेट घेतला. तुम्ही ही गाडी घेणार असाल तर लेदर जॅकेटच्या आधी हा खर्च करा.

आता ऑइल. यावर जरा जास्त लिहितो, कारण सगळ्यात मोठा मनस्ताप मला इथेच झाला.

या गाडीचं इंजिन ऑइल वेगळ्या टाकीत असतं, ड्राय संप. गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं थोडं ऑइल झिरपून खाली क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या पोटात, उतरतं आणि डिपस्टिकवर लेव्हल कमी दिसते. दिवाळीत मी तीन आठवडे कोल्हापूरला होतो. परत आल्यावर धुवायला आणि वरवर बघून घ्यायला गाडी एका गॅरेजमध्ये दिली. तिथल्या मुलानं थंड इंजिनवर स्टिक बघितली आणि अर्धा लिटर ऑइल ओतून मोकळा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुळशीकडे निघालो. पिरंगुटच्या घाटात जळक्या तेलाचा वास यायला लागला. थांबून बघतो तर उजवीकडच्या एअर फिल्टरच्या कव्हरमधून ऑइल ठिबकतंय आणि माझी पँट गुडघ्यापासून खाली काळी झालेली. इंजिनच गेलं असं वाटून पोटात गोळा आला.

झालं होतं इतकंच : गाडी सुरू झाल्यावर खाली उतरलेलं ऑइल पंपानं परत टाकीत आणलं, टाकी गरजेपेक्षा जास्त भरली, आणि जादाचं ऑइल ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, वाटेनं एअर फिल्टरमध्ये आलं. या इंजिनात हेडचे ब्रीदर तिथेच उघडतात. घरी येऊन ५० मिलीच्या सिरिंजला नळी लावली आणि नऊ वेळा ओढून ऑइल बाहेर काढलं. नवा फिल्टर घातला, त्यानंतर एक थेंब आलेला नाही. तेव्हापासून लेव्हल बघायची ती गाडी चालवून आल्यावर, इंजिन गरम असताना, आणि कुणी दुसऱ्यानं टॉप-अप करायचं नाही असं गॅरेजवाल्याला आधीच सांगून ठेवतो.

एरवी ऑइल बदलणं घरच्या घरी होतं. सोडायला खाली क्लॅम्प लावलेली रबरी नळी आहे. २०डब्ल्यू५० ऑइल साधारण २.६५ लिटर. गिअरबॉक्स आणि प्रायमरीचं (इंजिनाची ताकद क्लचपर्यंत नेणाऱ्या चेनचं) ऑइल एकच, पण इंजिनापासून वेगळं, एक लिटरला थोडं कमी. मी दर ८ हजार किलोमीटरला दोन्ही बदलतो. व्हॉल्व्हचं सेटिंग करावं लागत नाही, टॅपेट हायड्रॉलिक आहेत, फट आपोआप जुळवून घेतात. माझ्या आधीच्या गाडीला त्यासाठी अर्धा दिवस जायचा.

जानेवारीत फर्ग्युसन रोडवर गाडी सुरूच होईना. बटण दाबलं की नुसती टकटक. एका दुकानानं बॅटरी गेली म्हणून नवी गळ्यात मारली. दोन आठवड्यांत पुन्हा तेच. काकांनी सीट काढायला लावली आणि निगेटिव्ह टर्मिनलचा बोल्ट बोटानं फिरवून दाखवला. पार ढिला. दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनवर आहेत, ठोके ३१५ आणि ४०५ अंशांच्या अंतरानं पडतात. त्यातूनच तो आवाज येतो ज्यासाठी आपण ही गाडी घेतो, आणि बोल्ट ढिले करणारी थरथरही त्यातूनच. त्यामुळे दर महिन्याला टर्मिनल, आरसे आणि एक्झॉस्टचे बोल्ट हातानं चाचपायचे. जिथे मॅन्युअलमध्ये सांगितलंय तिथे निळं लॉकटाइट, म्हणजे बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लावायचा गोंद.

मागचं चाक चेनऐवजी बेल्टवर फिरतं, आणि बेल्टला ना तेल ना वंगण. फक्त खोदलेल्या रस्त्यावरून आलात की पुलीत खडी अडकली नाही ना, तेवढं बघा. माझ्या बेल्टला एका खड्यानं मोहरीएवढं भोक पाडलंय. ते कडेपासून लांब आहे म्हणून चालवतोय, पण दर रविवारी बघतो.

खटकतं तेही सांगतो. नळ स्टॉपच्या सिग्नलला एप्रिलच्या दुपारी मागच्या सिलिंडरची धग उजव्या मांडीला सोसत नाही. मागचं सस्पेन्शन जेमतेम ४१ मिलिमीटर हलतं. आपल्या स्पीडब्रेकरवर पाठ धरते, आणि त्याला इलाज म्हणजे लांब शॉक्स, जे मी अजून घेतलेले नाहीत.

सेकंडहँड बघायला जाल तेव्हा पेंट आणि आवाजाच्या आधी टॉर्च घेऊन बोल्टची डोकी बघा. गोल झालेली दिसली तर तिथे चुकीच्या पान्यानं काम झालंय हे समजा आणि किमतीत तेवढं तोडून मागा. माझ्या गाडीत असे सात निघाले. सहा बदलले. सातवा एक्झॉस्टच्या ब्रॅकेटमागे आहे, सायलेन्सर उतरवल्याशिवाय तिथे हात जात नाही. काका म्हणालेत, पाऊस उघडला की एका रविवारी काढू.