दिव्यांचा ड्रायव्हर आवाज करतोय: डिमर बदलावा, ड्रायव्हर बदलावा की आहे तसं चालू द्यावं?

छतातल्या एलईडी दिव्यांमागे लपवलेला ड्रायव्हर, म्हणजे घरच्या विजेचं दिव्यांना चालणाऱ्या विजेत रूपांतर करणारा छोटा डबा, रात्रीच्या शांततेत आवाज करायला लागला की बहुतेक जण थेट नवा ड्रायव्हर आणतात, नाहीतर कानाआड करतात. दोन्ही निर्णय आवाज नीट न ऐकताच घेतलेले असतात. आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो किती एकसारखा आहे, हे आधी पाहावं असं माझं ठाम मत आहे. मोठी पण एकसुरी घुमघुम बहुतेक वेळा फक्त त्रासदायक असते. जेमतेम ऐकू येणारी, मधूनच थांबणारी तडतड मात्र धोक्याची.

तडतड असेल तर पर्याय एकच

अनियमित तडतड किंवा चरचर, त्यात जळका वास किंवा टर्मिनलपाशी काळपटपणा, म्हणजे कुठेतरी जोड सैल आहे आणि तिथे ठिणगी पडते आहे. एमसीबी (प्रवाह फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) पडला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. सैल जोडात प्रवाह वाढलेला नसतो, त्यामुळे एमसीबीला काही कळतच नाही. ते सर्किट हाताने बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. ड्रायव्हरचा डबा स्वतः उघडू नका, मग आवाज कोणताही असो. २३० व्होल्टच्या पुरवठ्यावर आतल्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतो आणि स्विच बंद केल्यावरही तो काही काळ टिकू शकतो.

घुमघुम: इथे डिमर विरुद्ध ड्रायव्हर हा खरा प्रश्न

जाड, खालच्या पट्टीतला आवाज थेट वीजपुरवठ्याशी बांधलेला असतो. ५० हर्ट्‌झच्या पुरवठ्यावर तो १०० हर्ट्‌झचा येतो, ६० हर्ट्‌झवर १२०चा, कारण प्रत्येक आवर्तनात कॉइलच्या आतला गाभा दोनदा ताणला जातो. ऐकून खात्री होत नसेल तर फोनवर ध्वनीचा वर्णपट दाखवणारं ॲप उघडून फोन जवळ धरा. शिखर १००च्या आसपास आहे की काही हजारांवर, हे लगेच दिसतं.

डिमर (उजेड कमी-जास्त करणारं बटण) असेल तर तो पूर्ण वर करा. आवाज गेला आणि मध्यावर आणताच सर्वात मोठा झाला, तर ड्रायव्हर बदलण्याआधी डिमरकडे बघा. जुन्या पद्धतीचा ट्रायॅक डिमर प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा सुरुवातीचा भाग कापतो. मध्यावर असताना तो नेमका लाटेच्या माथ्यावर चालू होतो, म्हणजे शून्यावरून एकदम ३२५ व्होल्ट. तो झटका ड्रायव्हरच्या कॉइलला आणि कपॅसिटरला सेकंदाला १०० वेळा बसतो. आवर्तनाचा शेवटचा भाग कापणारा, म्हणजे ट्रेलिंग एज डिमर शून्यापासून हळूच चढतो. ड्रायव्हरवर ‘डिमेबल’ लिहिलेलं असेल आणि त्याला ही पद्धत चालत असेल, तर या स्थितीत मी डोळे मिटून डिमर बदलेन. ‘डिमेबल’ नसेल, तर कोणताही डिमर लावून उपयोग नाही. डिमेबल ड्रायव्हर घ्या किंवा साधा स्विच लावा.

एक अपवाद महत्त्वाचा आहे. डबा हाताला जड लागत असेल, आत लोखंडी गाभ्याचा ट्रान्सफॉर्मर असेल, तर ट्रेलिंग एज डिमर लावू नये, कारण अशा कॉइलचा प्रवाह अधेमधे तोडला की व्होल्टेज उसळतं. त्याला सुरुवात कापणाराच डिमर लागतो. आणि हो, स्विचबोर्डला कान लावून बघायला विसरू नका. पुष्कळदा गुणगुणणारी वस्तू ड्रायव्हर नसतेच, डिमरमधली चोक नावाची कॉइल असते.

डिमर नसतानाही घुमघुम येत असेल आणि ट्रान्सफॉर्मर लोखंडी असेल, तर तसंच चालू द्यायला हरकत नाही. पुरवठा बंद करून बसवणीचे स्क्रू आवळून घ्या, खाली रबराचा तुकडा द्या. पोकळ छत हा आवाज कितीतरी वाढवतं. घुमघुम ठरावीक वेळीच वाढते का, हेही पाहा. काही हेअर ड्रायर कमी उष्णतेवर डायोडमधून फक्त अर्धी लाट ओढतात. त्यामुळे पुरवठ्यात थोडा डीसी शिरतो आणि कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर तेवढा वेळ मोठ्याने घुमतो. तिथे ड्रायव्हर बदलून काहीच साधणार नाही.

बारीक शिट्टी: बहुधा लोडचा हिशेब चुकलेला

आजचे हलके ड्रायव्हर माणसाच्या कानाची मर्यादा असलेल्या वीस हजार हर्ट्‌झच्या पुष्कळ वर चालू-बंद होतात, म्हणजे ते ऐकू यायलाच नकोत. पण लोड, म्हणजे जोडलेल्या दिव्यांचे एकूण वॅट, फार कमी असला की वीज वाचवायला ते झटक्याझटक्याने चालतात, आणि त्या झटक्यांची गती ऐकू येण्याच्या पट्ट्यात उतरते. १०० वॅटच्या ड्रायव्हरवर १० वॅटची एलईडी पट्टी लावली की हेच होतं. क्षमतेच्या ५० ते ८० टक्के लोड पडेल असा ड्रायव्हर घ्या.

ड्रायव्हर आणि पट्टी यांच्यामध्ये, वीज झपाट्याने चालू-बंद करून उजेड घटवणारा वेगळा डिमर असेल तर सूर ऐका. उजेड कमी-जास्त करताना सूर सरकला, तर तो ड्रायव्हरचे झटके. सूर तोच राहून फक्त आवाज लहान-मोठा झाला, तर डिमरचं चालू-बंद. तेव्हा जास्त वारंवारतेचा डिमर घ्यावा, ड्रायव्हर राहू द्यावा. घरातल्या लहान मुलाला शिट्टी ऐकू येते आणि आजोबांना नाही, असं असेल तर मुलावर विश्वास ठेवा, वयाबरोबर वरचे सूर आधी जातात.

हॅलोजन काढून एलईडी लावले आणि जुना इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर तसाच ठेवला, तर तिथेही हीच अडचण. त्यावर ‘२०–६० वॅट’ लिहिलेलं असेल आणि तुमचे ५ वॅटचे ३ दिवे असतील, तर १५ वॅटवर तो धड चालत नाही, दिवे लुकलुकतात आणि डबा गुरगुरतो. इथे एलईडीसाठी बनवलेला ड्रायव्हरच घ्यावा.

टिकटिक

टिकटिकीबरोबर दिवे उघडझाप करत असतील, तर ड्रायव्हर स्वतःला वाचवायला बंद पडून पुन्हा उठतो आहे. आधी गुणाकार करा: मीटरला १४.४ वॅटची ५ मीटर पट्टी म्हणजे ७२ वॅट, ती ६० वॅटच्या ड्रायव्हरला झेपणार नाही. लोड बरोबर असेल, तर पुरवठा बंद करून पट्टी सोडवा आणि पुन्हा चालू करा. टिकटिक थांबली तर दोष पट्टीत किंवा वायरीत, सुरूच राहिली तर ड्रायव्हर गेला. ही चाचणी फक्त १२ किंवा २४ व्होल्टच्या ड्रायव्हरसाठी. ठरावीक प्रवाह देणारे ड्रायव्हर लोडशिवाय टिकटिकतातच, आणि त्यांना चालू असताना दिवा जोडला तर दिवा जळू शकतो.

वर्षानुवर्षं गप्प असलेला ड्रायव्हर अचानक बोलू लागला, तर मी तो बदलण्याकडे झुकेन. आतले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर उष्णतेने सुकतात, तापमान १० अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं. नवा घेताना नुसते वॅट जुळवू नका. जुन्यावर ‘३५० मिलिअँपियर, २५–४० व्होल्ट’ असं असेल तर नव्यावर प्रवाह तोच हवा, आणि दिव्याचं व्होल्टेज त्या पट्ट्यात बसायला हवं.