तयार घर की अनुदानाचे हप्ते? आपत्तीनंतरच्या घराचा निर्णय

पुरात आमचे घर गेल्यानंतर काही महिन्यांनी स्थानिक संस्थेकडून संमतिपत्र आले. त्यात दोनच पर्याय होते: नव्या वसाहतीत बांधून मिळणारे घर, किंवा जुन्या जागेवर स्वतः बांधण्यासाठी हप्त्यांनी मिळणारे अनुदान. आम्ही अनुदान घेतले. पंचनामा, पात्रता आणि कागदपत्रे यांविषयी येथे लिहीत नाही. ज्यांच्यावर ही वेळ आली आहे त्यांना ते सारे ठाऊकच असते.

तयार घराचे मोल मी कमी लेखत नाही. घरात देखरेख करणारे कोणी नसेल, वृद्ध किंवा आजारी माणसेच असतील, तर गवंडी आणि साहित्य यांच्यामागे धावणे त्यांना झेपणार नाही. जागाच दरडीखाली किंवा पूररेषेच्या आत असेल, तर तेथे पुन्हा बांधण्याचा आग्रह कोणीही धरू नये. मात्र मोठ्या प्रमाणावर घरे बांधताना प्रशासनाला सर्वांसाठी एकच माप लावावे लागते, हेही ध्यानात घ्यावे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ५२ गावांचे पूर्ण स्थलांतर झाले आणि २५०, ४०० व ७५० चौरस फुटांची घरे कुटुंबाच्या जमीनधारणेनुसार दिली गेली; घरात माणसे किती, हा त्या वाटपाचा मुख्य निकष नव्हता. शेजार तुटण्याचा प्रश्नही लहान नाही. १९९५ च्या भूकंपानंतर जपानमधील कोबे येथे सार्वजनिक घरे सोडतीने दिली गेली, जुने शेजारी विखुरले आणि एकटे राहणारे वृद्ध घरात मरण पावल्याचे उशिरा लक्षात येण्याचे प्रकार तेथे पुढे बराच काळ घडत राहिले.

तरीही आमचा निर्णय या कारणांवर झाला नाही. संमतिपत्र भरण्यापूर्वी मी आधीच्या एका आपत्तीनंतर उभारलेल्या वसाहतीत गेलो होतो. एका घरात खिडकीवरच्या सज्जाच्या सांध्यातून पावसाचे पाणी आत येत होते आणि भिंतीवर ओलीचा पट्टा उमटला होता. घरातील बाईंनी कार्यालयात अर्ज केला होता. तेथे त्यांना ठेकेदाराकडे जाण्यास सांगण्यात आले. ठेकेदाराने दोषदुरुस्तीची मुदत संपल्याचे सांगितले, आणि पुन्हा कार्यालयात गेल्यावर घर ताब्यात घेतल्याच्या पावतीवरची त्यांचीच सही त्यांना दाखवण्यात आली. आमच्या वसाहतीत दुरुस्ती कोणाकडे असेल, हे मी संबंधित अधिकाऱ्यांना विचारले, तेव्हा ते सौजन्याने बोलले. पण लेखी काही देता येणार नाही, असे त्यांनी सांगितले. सज्जाची गळती ही काही मोठी गोष्ट नव्हे. मात्र ज्याच्या दोषाचे उत्तर द्यायला कोणीच नाही, अशा घरात पुढच्या पावसाळ्यात निश्चिंतपणे झोपता येईल, असे मला वाटेना.

स्वतः बांधताना याचा उलट अनुभव आला. खांबांच्या सळ्यांभोवती घातलेल्या रिंगांची टोके गवंड्याने काटकोनातच वळवली होती. भूकंपरोधक बांधकामात ती १३५ अंशांत आत वळवावी लागतात, नाहीतर धक्क्याच्या वेळी रिंग उघडू शकते. काँक्रीट पडण्यापूर्वी ते माझ्या नजरेस आले आणि अर्ध्या दिवसाच्या मजुरीत सर्व रिंगा बदलून झाल्या. तयार घराच्या खांबात नेमके काय आहे, हे आम्हाला कधीच कळले नसते.

अनुदानाचा मार्ग सोपा आहे, असे मात्र म्हणवत नाही. जोते झाले की तपासणी, तपासणी झाली की पुढचा हप्ता, या क्रमात आमचे पाच आठवडे गेले, कारण अभियंता एक आणि घरे अनेक. तोवर गवंडी दुसरे काम धरून निघून गेला. २०१५ च्या भूकंपानंतर नेपाळमध्ये तीन लाख नेपाळी रुपयांचे अनुदान ५० हजार, दीड लाख आणि एक लाख असे विभागून दिले गेले, म्हणजे पायाभरणीच्या वेळी कुटुंबाच्या हाती सर्वांत लहान रक्कम पडत होती. आपत्तीनंतर साहित्य आणि मजुरीचे दर चढतात, अनुदानाचा आकडा मात्र सहसा तोच राहतो. म्हणूनच २००१ च्या भूकंपानंतर गुजरातमध्ये हप्त्यांच्या जोडीला सवलतीच्या दराने सिमेंट दिले गेले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपल्या संस्थेकडून असे काही मिळणार आहे का, हे आधीच विचारून घ्यावे.

भाडेकरूंना ही तुलना लागू होत नाही, कारण स्वतःची जागा नसल्याने अनुदानाचा पर्याय त्यांच्यापुढे बहुधा येतच नाही. त्यांची भिस्त सार्वजनिक घरांवर असते आणि ती घरेही टिकतील, याची खात्री नसते. २००५ च्या कतरीना वादळानंतर अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्सच्या नगर परिषदेने डिसेंबर २००७ मध्ये चार मोठी सार्वजनिक गृहसंकुले पाडण्यास एकमताने मंजुरी दिली. तेथील सुमारे साडेचार हजार घरे त्या निर्णयाखाली आली. भाडेकरू कुटुंबांनी तयार घर मिळत असेल तर ते घ्यावे, पण किती वर्षांसाठी आणि कोणाच्या नावे, हे लेखी मागावे.

ज्यांची जागा सुरक्षित आहे आणि ज्यांच्या घरातील एक तरी माणूस रोज बांधकामावर उभा राहू शकतो, त्यांनी माझ्या मते अनुदान घ्यावे. प्रत्येक कुटुंबाची अडचण वेगळी असते, हे मान्य करूनही मी हे सुचवीन. पहिला हप्ता उचलण्यापूर्वी मात्र जोत्याच्या तपासणीला किती दिवस लागतील, हे विचारून गवंड्याशी त्या हिशेबानेच बोलणी करावीत.