तारा विकत घेतला, पण तो लातूरात उगवतच नाही

नातीच्या बारशाला काहीतरी वेगळं द्यावं म्हणून आमच्या दाजींनी लातूरच्या एका प्रदर्शनातल्या स्टॉलवरून तारा विकत घेतला. हो, आकाशातला तारा. साडेचार हजार रुपये, यूपीआयने. हातात काय आलं? सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट, कोपऱ्यात चकचकीत होलोग्राम, खाली कुणाकुणाच्या सह्या. दाजी आल्यागेल्याला कौतुकाने दाखवायचे.

मी शाळेत विज्ञान शिकवतो. सर्टिफिकेटवर ताऱ्याचा पत्ता छापला होता, विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातले रेखांश आणि अक्षांश; क्रांती उणे असली की तारा दक्षिणेकडचा. क्रांती होती उणे 79 अंश! लातूर साधारण 18 अंश उत्तर अक्षांशावर. 90 वजा 18 म्हणजे 72, तेव्हा इथून उणे 72 च्या पलीकडचा कुठलाच तारा क्षितिजाच्या वर येत नाही. म्हणजे पोरगी लातूरच्या गच्चीवर जन्मभर उभी राहिली तरी तिचा तारा तिला दिसायचा नाही. स्टॉलवाल्यांच्या अ‍ॅपमध्ये मात्र तो नावासकट लखलखतो. अ‍ॅप त्यांचं, यादी त्यांची, मग काय!

मुळात ही नावं विकायला नसतातच. ती मान्य करतो आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघ, 1919 पासूनचा, आणि तो नावासाठी पैसे घेत नाही. बहुतेक ताऱ्यांना नुसता क्रमांक असतो. लघुग्रहाचं नाव सुचवायचा मान शोधणाऱ्याचा, तोही कक्षा पक्की होऊन क्रमांक पडल्यावर. 300128 क्रमांकाचा लघुग्रह पंडित जसराजांच्या नावाचा आहे. शुक्रावरच्या एका विवराला डॉ. आनंदीबाई जोशींचं नाव आहे. त्यांच्या घरच्यांनी कुठे फी भरली होती? 2019 मध्ये एका ताऱ्याला भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून 'बिभा' नाव मिळालं, तेही लोकांकडून सूचना आणि मतं मागवून.

पुढे स्टॉलवाल्यांचा फोन आला. "नोंदणी कायम करायला दोन हजार भरा, नाहीतर नाव रद्द होईल." दाजी भरायलाच निघाले होते, मी अडवलं. पैसे परत मागितले तर पावतीच्या मागच्या बारीक इंग्रजीकडे बोट दाखवलं: ही फक्त हौसेची भेटवस्तू आहे, शास्त्रीय मान्यता नाही. स्टॉलवर तोंडाने सांगताना मात्र "थेट नासाच्या यादीत"!

ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार दिलीय. कुणाचे ऑनलाइन पैसे गेले असतील तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर, लगेच फोन करा. पावतीचे दोन्ही बाजूंचे फोटो आणि यूपीआयचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. तोच स्टॉल आता नांदेडला लागलाय म्हणे.