३८ किलोचा टब १९ किलोचा निघाला

टब घरी आला त्या दिवशी एकच माणूस तो डोक्यावर घेऊन दोन जिने चढला. १७०० मिलिमीटर लांबीचा टब, आणि दमही लागला नाही त्याला. मी मूर्खासारखा खूश! बायकोला म्हटलं, "बघ, हलका म्हणजे किती हलका." तिने फक्त विचारलं, "इतका?" तिथेच कान टवकारायला हवे होते.

मी काही न वाचता गेलो नव्हतो, हे आधी सांगतो. तीन आठवडे हेच डोक्यात होतं. वरच्या मजल्यावरचं बाथरूम, त्यामुळे बिडाचा टब बाद. तो रिकामाच दीडशे किलोच्या आसपास भरतो, त्यात पाणी आणि माणूस. पत्र्याच्या टबाला जड काही लागलं की इनॅमलचा टवका उडतो. राहिला ॲक्रिलिकचा. ॲक्रिलिकची शीट तापवून साच्यावर ओढतात आणि मागून रेझिन व काचतंतूंचा थर देतात. रंग शीटच्या आरपार असतो, म्हणून ओरखडा घासून निघतो. फायबरच्या टबाचं तसं नाही. वर जेमतेम अर्धा मिलिमीटर जेलकोट, म्हणजे रंगीत रेझिनचा थर, तो गेला की खाली खडबडीत फायबर. नवेपणी मात्र दोन्ही सारखेच चकचकीत. हे सगळं मला ठाऊक होतं. ठाऊक असूनही फसलो, म्हणूनच जास्त जळतंय.

दुकानात दाखवलेला नमुना खराच ॲक्रिलिकचा होता. तो मी दाबून पाहिला, आत उभा राहिलो. कॅटलॉगमध्ये वजन ३८ किलो. ६० टक्के आगाऊ दिले. उरलेले ४० टक्के माल दारात आल्यावर, खोका उघडण्याआधी! एकूण रक्कम म्हणजे माझा एक महिना आणि बावीस दिवसांचा पगार. प्लंबरचे वेगळे, तीन दिवसांचा. खोका उघडल्याशिवाय शेवटचा पैसा देऊ नका, माणूस दारात कितीही घाई करो.

टबावर निळी फिल्म चिकटवलेली होती. विक्रेता फोनवर म्हणाला, "सर, टाइल्सचं काम संपेपर्यंत दहा दिवस काढू नका, ओरखडे पडतील." किती काळजी! परत करायची मुदत सात दिवसांची होती, बिलाच्या मागे, मुंगीएवढ्या अक्षरांत.

आता चकतीचं. प्लंबरने ओव्हरफ्लोचं, म्हणजे जादा पाणी निघून जायचं, भोक पाडलं आणि निघालेली चकती माझ्या हातात दिली. "साहेब, हे फायबर वाटतंय." चकतीच्या कडेला थर दिसतात. ॲक्रिलिक असेल तर पांढऱ्या शीटचा नीट जाड पट्टा दिसतो. माझ्या हातात होती पापुद्र्याएवढी पांढरी रेघ आणि बाकी पिवळट केसाळ फायबर. मी काय केलं? "तुम्ही तुमचं काम करा" म्हणालो आणि चकती कचऱ्यात टाकली. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. त्या दिवशी मुदतीचे दोन दिवस बाकी होते.

चौथ्या महिन्यात तळाच्या, पाणी जायच्या जाळीभोवती केसाएवढ्या भेगा पडल्या. पाय ठेवला की तळ दबायचा. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो, वर माझे ७४. तळाखाली फळीच बसवलेली नव्हती. तळ हलत राहिल्याने भिंतीकडचं सिलिकॉन सुटलं आणि पाणी खाली मुरलं. टब काढून वजन केलं, १९ किलो. साधा वजनकाटा घरात होता. आधी का नाही केलं, हे मला विचारू नका. तुम्ही करा. काळोखात मागून टॉर्चही लावून बघा. कोपऱ्यांत उजेड झिरपला तर तिथे थर पातळ आहे.

विक्रेता म्हणाला, बसवण्यात चूक आहे, वॉरंटीत येत नाही. पोलीस म्हणाले, हे दिवाणी प्रकरण. ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात पाच खेपा झाल्या. पहिल्यांदा अर्ज परत, कारण प्रती दोन होत्या, तीन हव्या. दुसऱ्यांदा संबंधित बाई रजेवर. तिसऱ्यांदा बिल पाहून साहेबांनी चष्मा काढला: "यात ॲक्रिलिक कुठे लिहिलंय?" बिलावर फक्त 'बाथटब, पांढरा, १ नग'. कॅटलॉग पुढे केला, तर त्यावर दुकानाचा शिक्का नाही. (बिलावर माल कशाचा आणि वजन किती, हे लिहून घ्याच. नाही म्हणाले तर उठून या.) चौथ्यांदा तपासणीचा अहवाल आणायला सांगितलं. तपासणारे म्हणाले, तुकडा कापून द्या. पाचव्या खेपेला कार्यालयात विचारलं, कापू का? उत्तर आलं, कापलात तर मालाशी छेडछाड केल्याचा आरोप विक्रेता करेल.

मग साहेबच म्हणाले, "बसवताना भोक पाडलं असेल ना? त्याची चकती जपून ठेवली असेल तर ती आणा."