२०० जीबी मोकळे आणि हा म्हणतो जागा नाही!! (५ पैकी २ स्टार)

नाव लिहीत नाही, पण ऑफिसने वर्षाचं लायसन घेतलेला कोड एडिटर (प्रोग्राम लिहायचं सॉफ्टवेअर) आहे आणि ऐरोलीला आम्ही सात-आठ जण रोज शिव्या घालत तोच वापरतो. दिसायला एक नंबर, सर्च पण फास्ट, दोन स्टार त्याचेच.

मंगळवारी प्रोजेक्ट उघडला तर लाल पट्टी, 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'. बघतो तर डिस्कवर २०० जीबी मोकळे. तरी म्हटलं असेल बाबा काहीतरी, डॉकरच्या जुन्या इमेज उडवल्या, लॉग उडवले, शेवटी गावच्या जत्रेचे व्हिडिओ पण उडवले (बायकोला अजून सांगितलं नाहीये). पट्टी तिथेच. सपोर्टला तिकीट टाकलं तर म्हणे रीइन्स्टॉल करा. केलं. तेच!

संध्याकाळी शेजारच्या डेस्कवरचा दादा नुसतं बघून म्हणाला, अरे डिस्क नाही रे, वॉचर संपलेत तुझे. म्हणजे फाइल बदलली की कळावं म्हणून एडिटर लिनक्समध्ये आयनोटिफाय नावाच्या सोयीचे वॉच (पहारे) लावतो, त्यांना लिमिट असते, जुन्या कर्नलवर (म्हणजे लिनक्सच्या गाभ्यावर) ८१९२, आणि आमच्या नोड मॉड्यूल्समध्ये (प्रोजेक्टला लागणाऱ्या तयार लायब्ररी) नुसते फोल्डरच त्याहून जास्त. लिमिट संपली की कर्नल २८ नंबरचा एरर देतो आणि डिस्क भरली तरी नंबर तोच, २८. कर्नलचं एक वेळ सोडा, पण एडिटरला तर माहितीये ना आपण वॉच लावत होतो, फाइल लिहीत नव्हतो! मग २८ समोरचं ठरलेलं वाक्य डोळे मिटून कसलं छापतोस? अख्खा दिवस गेला माझा.

आणि हे एकच नाही. टेस्ट मध्येच मरतात, खाली फक्त 'एक्झिट कोड १३७'. आता १२८ अधिक ९ (९ हा किल करायचा सिग्नल), म्हणजे कोणीतरी किल केलं, बहुतेक वेळा मेमरी संपली म्हणून, हे नवीन पोराने कुठून ओळखायचं? जावासारख्या म्हाताऱ्या प्रोग्रामिंग भाषेने पण २०२० मध्ये सुधारणा केली, नलपॉइंटर एरर (जिथे काहीच नाही तिथे हात घातला) आला तर नेमकं काय नल, म्हणजे रिकामं, होतं ते सांगते. ठाणे स्टेशनला 'तांत्रिक कारणामुळे' म्हणतात तेव्हा निदान कुठली गाडी ते तरी कळतं ओ. ब्रेकपॉइंट (कोड मध्येच थांबवून बघायच्या खुणा) अपडेटनंतर आपोआप राखाडी होतात त्याबद्दल तर बोलतच नाही.

घ्यायचाच असेल तर आधी मॅक्स यूजर वॉचेस (तीच वॉचची लिमिट) ५२४२८८ करून ठेवा. व्हिडिओ उडवू नका.